माळावरचं बिऱ्हाड

पूजेला बसता बसता डाव्या घोट्याच्या वर काहीतरी टोचलं, आणि प्रयागच्या हातातली पळी हलून दोन थेंब देव्हाऱ्याच्या पायरीवर सांडले. झालं ते एवढंच. कार्तिकातली पहाट, खालच्या गल्लीतल्या देवळात काकडा संपत आलेला, गारखेड्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये कापराचा आणि जुन्या लोकरीचा वास. सोवळ्याची रोजची धाबळी काल धुतली होती ती वाळली नव्हती, म्हणून पेटीच्या तळातली जुनी काढून तिनं अंगाला गुंडाळली होती. पूजेत मधे उठायचं नाही आणि बोलायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तेव्हा तिनं बोटानंच चाचपलं आणि लोकरीत रुतलेलं ते ओढून काढलं. कुसळ होतं. माळावरच्या गवताचं कुसळ. पुढं सुईसारखं टोक, मागं बोटभर पिळाची शेपटी. टाकावं कुठं ते सुचेना. ताम्हनाच्या काठावर ठेवलं, तर घसरून बाळकृष्णाच्या पायाशी पाण्यात पडलं. आणि वळायला लागलं. आधी तिला वाटलं, आपला हात कापतोय. पण हात तर मांडीवर होता. भिजलेली शेपटी आपला पीळ हळूहळू सोडत होती, आणि तिच्याबरोबर ते कुसळ तांब्याच्या तळावर फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. झोपेत कुणी कूस बदलावी तसं. तोंडातला श्लोक तोंडातच राहिला. इतकी वर्षं लोकरीत कोरडी पडून राहिलेली काडी, आणि पाणी लागल्याबरोबर तिला आठवलं होतं की आपल्याला मातीत शिरायचं आहे.

ही धाबळी तिनं शेवटची गुंडाळली होती ती रक्षा घेऊन माळावर गेली त्या दिवशी. बायका जात नसतात म्हणाले होते सगळे, पण ती गेली. तेव्हाही कार्तिकच होता, अकरा वर्षांपूर्वीचा. नंतर धाबळी एकदा धुतली, उन्हात घातली, घडी करून ठेवली ती ठेवलीच. माळावर त्या दिवशी गवत कमरेला लागत होतं, पिकून सोनेरी झालेलं, आणि वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होत होता. काकासाहेबांचा माळ. काकासाहेब म्हणजे तिचे यजमान. हे नाव तिनं उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही, मनातसुद्धा ते ‘हे’च. वाटणीत धाकट्या दिरानं विहिरीची काळी जमीन मागितली तेव्हा ह्यांनी हसत दौलताबादच्या अलीकडचा हा मुरमाड माळ घेतला होता. भावकी हसली. पाटबंधारे खात्यातला माणूस, आणि घेतली काय तर थेंबभर पाणी नसलेली जागा. दर रविवारी हे सकाळी जायचे आणि उन्हं कलल्यावर यायचे. “तिथं करता तरी काय?” एकदा तिनं विचारलं. “पडतो.” “पडता?” “आभाळाकडं तोंड करून. वर चंडोल असतो. दिसत नाही, नुसता ऐकू येतो.” टोपी घालायचे नाहीत, छत्री घ्यायचे नाहीत, कपाळाची कातडी पार भाजलेली असायची. आणि पायमोज्यांत, पँटच्या काठात, शर्टाच्या बाह्यांत कुसळंच कुसळं. हे चहा प्यायचे आणि ती त्यांच्या पायाशी बसून एकेक वेचून काढायची. बोटं सुजायची. “राहू दे गं,” हे म्हणायचे, “उद्या परत लागतील.” “उद्या ऑफिस आहे.” “मग पुढच्या रविवारी लागतील. गवत कुठं जातंय?” ती चिडायची. सोमवार, एकादशी, संकष्टी, तुळशीचं पाणी, सांजेचा दिवा, या सगळ्यांना तिनं नेम म्हटलं. दर रविवारच्या त्या वेचणीला मात्र कधीच म्हटलं नाही. आता ताम्हनातलं कुसळ थांबलं होतं. तिनं पूजा पुरी केली, आरती केली, आणि तीर्थ घेताना ओंजळ ओठांशी नेऊन तशीच थबकली.

रक्षा माळावर न्यायची कल्पना पुतण्याची होती. शिवराज तेव्हा नुकताच गुलमंडीच्या कापडाच्या दुकानात बसायला लागला होता. काकांवर त्याचा जीव. “नदीत नको टाकायला काकू. रानातच टाकू, वर झाडं लावू. आता सगळे असंच करतात.” कुठल्याशा रोपवाटिकेतून फुकट रोपं मिळाली, टेम्पो भरून आली. आणणाऱ्यानं नाव सांगितलं, गिरिपुष्प. डोंगराचं फूल. तिला नाव फार आवडलं होतं. विळ्यांनी गवत कापलं, खड्डे घेतले, प्रत्येक खड्ड्यात तिनं चिमूट चिमूट रक्षा सोडली, रोपाला हळदकुंकू लावलं. रोपं अशी वाढली की जणू कुणी हाक मारून बोलावलीत. पाणी नको, राखण नको, शेळ्यामेंढ्या तोंड लावीनात. पाच वर्षांत माळ दिसेनासा झाला. माघात पानं गळून फांद्यांना गुलाबी फुलं यायची, आणि नातेवाईक फोटो पाहून म्हणायचे, नशीब काढलं काकासाहेबांनी, मरणानंतर सुद्धा सावली देतायत. शिवराजनं पाटी लावली, ‘काकासाहेब स्मृतिवन’. आणि प्रयागनं नेम धरला: दर अवसेला दहीभाताचा डबा घेऊन जायचं, मधल्या झाडाच्या बुंध्याशी पानावर ठेवायचं, हात जोडून उभं राहायचं. ‘हे इथं राहतात’ असं ती म्हणायची. देवळात, भिशीत, दवाखान्याच्या रांगेत, कुणी विचारलं तर शांतपणे म्हणायची, हे तिकडं माळावर असतात. पहिल्यांदा गेली तेव्हा कावळा आला नाही. रोपं लहान आहेत, बसायला जागा नाही, असं तिनं मनाला सांगितलं. मग झाडं मोठी झाली, तरी आला नाही. शेवटी दर वेळी पान उचलून ती सडकेच्या कडेला नेऊन ठेवायची. तिथं कावळे लगेच यायचे, भांडून खायचे. वनात मात्र कधीच नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि दुसरंही एक सांगितलं नव्हतं. त्या झाडांखाली गेलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. खाली काही उगवलेलं नसायचं, नुसता कोमट वासाचा पाचोळा. वारा बाहेर सडकेवर असायचा. आत एखादं रिकामं घर आतून बंद करून घ्यावं तशी शांतता. तिला वाटायचं, हीच त्यांची समाधी. इतकी शांतता, की ती घरी येऊन रेडिओ लावायची.

मग दसऱ्याच्या सुमारास ती मुलगी आली होती. तनुजा नाव. शेजारच्या गायरानावर गवत परत आणायचं काम करणाऱ्या मंडळातली, प्रयागला मूल असतं तर जेवढं असतं तेवढ्या वयाची. बूट दाराबाहेर काढून आत आली, सतरंजीवर मांडी घालून बसली, आणि प्रयागचं लक्ष तिच्या पायमोज्यांकडं गेलं. कुसळं. काठोकाठ भरलेली. तिची बोटं आपोआप वळवळली. पदराखाली घट्ट धरून ठेवावी लागली. तनुजा सांगत होती की माळ मुळात झाडांचा नसतोच, गवताचा असतो. लोकांना वाटतं उघडा आहे, ओसाड आहे, म्हणून लावतात काहीतरी. ही झाडं इथली नव्हेत, कुठूनतरी परमुलखातून आणलेली, उंदीरमारी म्हणतात यांना गावाकडं. “शेंगा वाळल्या की तडकतात काकू, बी लांब उडतं. आम्ही गवत धरवतो तिथं तुमच्याकडची रोपं उभी राहतात.” “मग शेंडे छाटा.” “छाटून फुटतात अजून जोरात. मुळासकट काढावी लागतात.” “मुळाशी आमचे हे आहेत,” प्रयाग म्हणाली. तिचा आवाज मुळात लहान. ते वाक्य तर खोलीच्या पलीकडंही गेलं नसेल. तनुजानं चहाचा कप खाली ठेवला. “मला माहीत नव्हतं,” मग म्हणाली. “राहू द्या काकू. मी परत नाही विचारणार. माघात फुलं धरतात. त्याच्या आत तुम्हालाच काही वाटलं तर फोन करा.” आणि गेली. हट्ट धरला असता, कायदा सांगितला असता, तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. दारातून बाहेर पडताना तिच्या मोज्यातलं एक कुसळ उंबऱ्यावर पडलं होतं, ते प्रयागनं केरात लोटलं. उंदीरमारी. आपण हळदकुंकू लावलं होतं ते कुणाला?

आज पूजा आटोपून तिनं शिवराजला फोन लावला. झाडं काढू का, असं विचारायला नव्हे, काढायची आहेत हे सांगायला. सातबारा तिच्याच नावावर होता. पण खड्डे त्यानं खणले होते. “काकू, तब्येत बरी आहे ना?” तो आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाही. “अहो, तुम्ही द्वादशीला तुळशीचं पान तोडत नाही. दिवस मावळला की फूल तोडत नाही, झाडं झोपतात म्हणता. अन् अख्खं वन काढायला निघालात? लोक काय म्हणतील? पोटचा नव्हता म्हणून पुतण्यानं झाडं लावली, ती बी बाईनं ठेवली नाहीत म्हणतील.” “म्हणतील,” ती म्हणाली. “त्या पोरीनं डोक्यात भरवलं तुमच्या. गवत! गवताचं कुणी स्मारक करतं का? गवत काय, दर साल मरतंय.” दुकानात मागं कुणीतरी कापड फाडत होतं, त्याचा लांब आवाज फोनमधून आला. मग शिवराजचा स्वर खाली आला. “माझ्या हाताला फोड आले होते काकू. त्या दिवशी मी रडलोच नव्हतो, नुसता खणत होतो. अजून दुकानात कटकट झाली की मी तिकडं जातो. काका भेटतात.” “भेटतात?” “म्हणजे, बसतो मी तिथं.” “काय म्हणतात?” पलीकडं कापड फाडायचं थांबलं होतं. “काही म्हणत नाहीत,” शिवराज म्हणाला. “मलाही नाही रे,” प्रयाग म्हणाली. 

दुपारी बाबा पेट्रोल पंपावरून तिनं काळीपिवळी जीप धरली. छावणी, पडेगाव, मिटमिटा. खिडकीतून नव्या इमारतींच्या मागं डोंगर येत होते, जात होते. पिशवीत तिनं तांदूळ घेतले होते, कुंकू, एक सुपारी, पाण्याची बाटली. आज अवस नव्हती. नेमाबाहेर ती इथं कधी आली नव्हती, त्यामुळं न सांगता कुणाच्या घरी जावं तसं तिला वाटत होतं. फाट्यावर उतरून ती चालायला लागली. किल्ल्याची काळी कातळभिंत उन्हात तापली होती. गायरानाच्या बांधाशी वच्छलाबाई मेंढ्या घेऊन उभी होती. धनगराची म्हातारी, खांद्यावर काठी आडवी, काठीवर दोन्ही हात टाकलेले. एके काळी हिच्या मेंढ्या काकासाहेबांच्या माळावर चरायच्या, दसरा झाला की गवत मोकळं व्हायचं. “आज कशा काय आल्या बाई? अवस तर लांब हाय.” “आले अशीच.” “मालकाला भेटाया व्हय?” वच्छलाबाईनं वनाकडं हनुवटी उडवली. “माजी मेंढरं बी जात न्हाईत बगा तिथं. कुत्रं सुदिक कडंकडंनं जातंय. मी म्हन्लं, बाईनं नवऱ्यासाठी घर बांधलं, पन लई दाट बांधलं.” “सावली व्हावी म्हणून लावली वच्छलाबाई.” “सावली!” म्हातारी मोकळं हसली, तोंडात दोनच दात. “मेलेल्या मान्साला सावली कशाला? जित्तेपनी तर डोक्याला टोपी घातली न्हाई त्या मान्सानं. तिथं पडायचं, त्या दगडाच्या अंगाला. मी वरडायची, सायेब, साप हाय, इच्चू हाय. तर म्हनायचं, गप, पाखरू उडंल.” ती अजून हसतच होती, पण प्रयागच्या तोंडाकडं पाहून थांबली. “रागावू नका बाई. माज्या मेंढरांला गवत पायजे, म्हनून बोलते मी. माजा सवार्थ हाय.” “नाही रागावले,” प्रयाग म्हणाली.

झाडांखाली शिरली तशी कानात दडे बसले. पायाखाली पाचोळा वाजत होता, आणि तो आवाज आपल्याच पायांचा आहे हे तिला स्वतःला पटवावं लागत होतं. कारण ती थांबली तरी तो मागं जरासा उरत होता. मधल्या झाडाशी येऊन ती उभी राहिली. सिल्लोडकडच्या तिच्या माहेरी झाड तोडायचं तर आदल्या सांजेला त्याला सांगायची रीत होती. ती परकरात होती तेव्हाची गोष्ट. बांधावरची जुनी बाभळ दादांना, म्हणजे वडिलांना, काढायची होती. दिवस कलताना ते अनवाणी गेले, बुंध्याशी अक्षता टाकल्या, सुपारी ठेवली, आणि पाहुण्याशी बोलावं तसं हळू म्हणाले, ‘जे कुणी इथं राहत असेल त्यानं दुसरीकडं बिऱ्हाड करावं. आमच्यावर राग धरू नये.’ हे बोलताना दादांनी टोपी काढून हातात घेतली होती. तिला फार भीती वाटली होती, आणि तरी ती मागं राहून बघत बसली होती. आणि तिनं पाहिलं होतं: सालीच्या फटीतून मुंग्या निघाल्या, तोंडात पांढरी अंडी, एकीमागं एक, बांध ओलांडून पलीकडं. वर सुगरणीचे खोपे हलत होते. एक खार खाली आली, दादांकडं पाहून परत वर गेली, जशी काय सामान घ्यायला विसरली. मुंग्या तशाही निघाल्या असत्या, हे तिला पुढं कळलं. पण त्या सांजेला सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ज्यानं त्यानं आपापलं आवरलं होतं.

तिनं चपला काढल्या. अक्षता टाकल्या, कुंकू वाहिलं, सुपारी ठेवली, पाण्याची धार धरली. आणि दादांचे शब्द म्हटले. “जे कुणी इथं राहत असेल त्यानं दुसरीकडं बिऱ्हाड करावं.” आवाज पाचोळ्यात पडला आणि तिथंच राहिला. ती वाट पाहू लागली. बुंधा पाहिला, सालीवर मुंगी नव्हती. वर पाहिलं, फांदीच्या बेचक्यात खोपा नव्हता, कोळ्याचं जाळंसुद्धा नव्हतं. पुढच्या झाडाशी गेली, तिथंही म्हटलं. त्याच्या पुढच्याशी. प्रत्येक वेळी दादांसारखं हळू, अदबीनं, आणि प्रत्येक वेळी कुणी उठत नव्हतं, कुणी फडफडत नव्हतं, कुणी काही आवरत नव्हतं. दार वाजवत वाजवत आख्खी चाळ फिरावी आणि एकाही खोलीत कुणी नसावं. इतकी वर्षं मी कुणासाठी डबा आणत होते? कुणासमोर हात जोडत होते? ही शांतता त्यांची नव्हतीच. हे जिथं असायचे तिथं वर काहीतरी गात असायचं. उन्हाला कपाळ देऊन पडणारा माणूस, त्याच्यावर मी छत घातलं. आणि मग दर महिन्याला येऊन छताच्या पाया पडले. तिला वाटलं, आता मागं वळून पाहिलं तर हे दिसतील. वैतागलेले दिसणार नाहीत. नुसते बसलेले असतील, पावसानं अडकल्यावर दुसऱ्याच्या ओसरीवर बसतात तसे, अंग चोरून, ऊन केव्हा पडतंय याची वाट बघत. कुणाला काही म्हणायचा स्वभावच नव्हता. बायकोनं प्रेमानं बांधलंय तर म्हणणार तरी काय? उन्हं तिरपी होऊन बुंध्यांमधून लाल पट्टे आत आले. सगळं वन रिकामं होतं, आणि बिऱ्हाड एकच होतं, आणि ते तिनंच आणून बसवलेलं होतं.

“अहो,” ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून ह्या एका शब्दापुढं तिनं किती काय काय म्हटलं होतं. अहो, गॅस संपलाय. अहो, दमानं. अहो, डॉक्टर काय म्हणाले. शेवटी दवाखान्यात नुसतंच, अहो. “अहो, उठा आता,” ती म्हणाली. “इथं नका बसू. माझं चुकलं असेल तर… ते राहू द्या. उठा. बाहेर ऊन आहे.” मग ती वाकून नमस्कार न करता उभीच राहिली, माणूस उठेपर्यंत उभं राहावं तशी. चपला हातात घेऊन चालू लागली तेव्हा पाचोळा मागं वाजला, आणि या वेळी तिनं तो आपला आहे असं मनाला पटवलं नाही. वाजू दिला. वनाच्या कडेला आली आणि वारा एकदम तोंडावर आला.

पलीकडच्या कोपऱ्यात, वच्छलाबाई म्हणाली होती त्या दगडाच्या अंगाला, झाडांनी सोडलेला गवताचा एक तुकडा होता. सडकेला जायची वाट त्याच्या बाजूनं होती. प्रयाग वाट सोडून गवतातून गेली. कमरेपर्यंत नव्हतं, गुडघ्यालाच लागत होतं. पण पिकलेलं होतं, आणि ती सावकाश गेली, नऊवारी न उचलता. दगडापाशी तिनं फोन काढून तनुजाला लावला. “उद्या या,” ती म्हणाली. “मुळासकट. खालची माती कुठं नेऊ नका फक्त, इथंच पसरा. आणि शिवराजलाही मी बोलावते. त्याला खणू द्या.” तनुजा काहीतरी म्हणत होती, पण प्रयागचा फोन कानापासून दूर झाला होता. वर काहीतरी गात होतं. का गायरानातून वाऱ्यावर येत होतं, का तिला तसं वाटत होतं; आभाळ उजळ होतं आणि त्यात काही दिसत नव्हतं. दिसायचं नसतंच ते.

परतीच्या जीपमध्ये दाटी होती. शेजारी पेरूची पाटी मांडीवर घेतलेली बाई बसली होती, दौलताबादची असावी. मिटमिट्यापर्यंत ती कसनुसं अंग चोरत होती, मग न राहवून म्हणाली, “मावशी, लुगड्याला कुसळं किती लागलीत वो. मला बी टोचायलीत. थांबा, काढते.” आणि वाकलीच ती, बोटांनी एक चिमटीत धरलंही. प्रयागनं तिच्या हातावर हात ठेवला.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “उद्या परत लागतील.”